बाग प्रकरण : नावांची यादी आणि झाडांची ओळख

समर्थ रामदासांची ‘बाग प्रकरण’ ही एक छोटी रचना आहे. दासबोध किंवा मनाचे श्लोक घरोघरी वाचले जातात, तशी ही वाचली जात नाही. तिच्यात उपदेश नाही आणि कथाही नाही. झाडाझुडपांची नावे एकामागून एक येतात, ओवीच्या चालीत बसतात आणि रचना संपते. वनमहोत्सवाच्या भाषणांत मात्र तिचा उल्लेख कधीकधी होतो. मराठीतील जुना वनस्पतिशास्त्रीय ग्रंथ, असे तिचे वर्णन झालेले आम्ही ऐकले आहे.

हे वर्णन कितपत बरोबर आहे? रचनेचे साहित्यिक गुणदोष सांगण्याचा अधिकार आमचा नाही. आमचा व्यवसाय झाडे ओळखण्याचा. म्हणून आम्ही या रचनेला एकच प्रश्न विचारणार आहोत : यातील नाव वाचून झाड ओळखता येते का? प्रश्न साधा आहे, पण शाळेच्या परसबागेत पाटी लावणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला तो कधी ना कधी पडतो.

आमची एक चूक

या प्रश्नाकडे आम्ही वळलो ते एका चुकीमुळे. ती चूक आमचीच, म्हणून आधी तीच सांगतो.

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यातून एका परिचित शिक्षकांनी आम्हाला फोनवर एक छायाचित्र पाठवले. कुंपणावर चढलेली वेल आणि मधोमध हृदयाच्या आकाराचे हिरवेगार पान. सोबत प्रश्न होता, “गुळवेल आहे ना?” घरात कोणाला तरी ताप होता, काढा करायचा होता. आम्ही पानाचा आकार पाहिला आणि ‘हो’ असे कळवून टाकले.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. शेजारच्या आजी दारात आल्या होत्या. वेल पाहून त्या म्हणाल्या, “सर, ही गुळवेल न्हाई, उतरण हाय. पान मोडून बघितलं का?” पान मोडले, तर देठातून पांढरा चीक आला.

उतरण ही रुईच्या कुळातली वेल आहे. तिच्या अंगात दुधासारखा चीक असतो, पाने पेरावर समोरासमोर येतात आणि फळे शिंगांसारखी जोडीने, मऊ काटेरी असतात. गुळवेलीला असा चीक नसतो. तिची पाने एकाआड एक येतात, जुन्या खोडाची साल कागदासारखी सुटते, वेलीवरून दोऱ्यासारखी मुळे खाली लोंबतात आणि फळे पिकल्यावर लाल, वाटाण्याएवढी होतात. हे सगळे आम्हाला ठाऊक होते. पण छायाचित्रात एकच पान होते. एका पानावरून पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे कळत नाही. चीक तर छायाचित्रात दिसतच नाही. आमच्याजवळ पदवी होती, आजींजवळ वेल होती.

काढा झाला नाही, म्हणून निभावले. दर वेळी निभावतेच असे नाही. 2021 मध्ये, करोनाच्या साथीत, गुळवेल घेत असलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी नोंदवले. त्यावर, ही वनस्पती गुळवेलीसारखी दिसणारी तिच्याच प्रजातीतली दुसरी वेल असू शकेल, असे आयुष मंत्रालयाने म्हटले. वाद त्यानंतरही चालू राहिला. आपल्यापुरता त्यातला मुद्दा असा की, रुग्णाने घेतलेल्या वेलीचा तुकडा जर कोणी जपून ठेवला नसेल, तर ‘ती वेल कोणती होती?’ या प्रश्नाचे उत्तर नंतर कोणीही खात्रीने देऊ शकत नाही. मागे उरते ते फक्त नाव.

‘बाग प्रकरणा’चीही नेमकी हीच अडचण आहे.

यादी जांबमध्ये वाचली तेव्हा

त्याच शिक्षकांच्या बोलावण्यावरून आम्ही जांब समर्थला गेलो. हे गाव घनसावंगी तालुक्यातच आहे. 1608 साली समर्थांचा जन्म येथे झाला. परंपरेने सांगितलेली हकिकत अशी की, बाराव्या वर्षी ते लग्नमंडपातून निघून गेले आणि पुढचे बरेचसे आयुष्य नाशिक, तीर्थयात्रा, चाफळ, सज्जनगड असे गेले. गोदावरीच्या खोऱ्यातील कमी पावसाच्या प्रदेशातली झाडे त्यांनी बालपणी पाहिली आणि सह्याद्रीच्या कुशीतली झाडे प्रौढपणी. यादी वाचताना हे लक्षात ठेवले पाहिजे, कारण झाडाचे नाव मुलुखागणिक बदलते.

घरामागे चार वाफे राखणाऱ्या बायका, बांधावरची झाडे ओळखणारे जुने शेतकरी आणि शाळेतले दोन शिक्षक असे आम्ही बसलो. एकेक नाव वाचायचे आणि विचारायचे, ‘हे झाड दाखवाल का?’

नावांचे तीन गट पडले. काही नावांना कोणी अडखळले नाही. हिंवर म्हटल्यावर सगळ्यांनी एकाच झाडाकडे बोट दाखवले : फिकट पिवळसर सालीचे, पावसाळ्यात दुधाळ पांढऱ्या फुलांनी भरणारे, बाभळीहून वेगळे. नेपती म्हणताच पाने नसलेले हिरव्या काड्यांचे झुडूप समोर आले. सागरगोटा तर मुलींच्या खेळातलाच. दुसऱ्या गटातल्या नावांवर मतभेद झाले. एकाने एक झुडूप दाखवले, दुसऱ्याने दुसरे. तिसऱ्या गटातली नावे कोणीच ऐकलेली नव्हती.

आता रचनेचे गुणदोष पाहू.

जमेची बाजू

पहिली गोष्ट म्हणजे यादीची सुरुवात. बाग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मोगरा, गुलाब, आंबा येतो. येथे आरंभीच काटेरी झाडांची रांग लागते : बाभळीचे प्रकार, नेपती, हिंवर, खैर, सागरगोटी, करवंदी, शिकेकाई. हे विचित्र वाटेल, पण जांबच्या एका शेतकऱ्याने ऐकताक्षणी म्हटले, “आधी कुपाटीच घालावी लागती की.” कुपाटी म्हणजे काट्यांचे कुंपण. गुरे आवरल्याशिवाय बाग कसली? समर्थांच्या मनात हाच क्रम होता असे सिद्ध करता येणार नाही. पण बाग करणाऱ्याच्या कामाशी तो जुळतो, आणि हा अर्थ आम्हाला पुस्तकातून सुचला नव्हता.

दुसरी गोष्ट म्हणजे नजरेचा बारकावा. कांटी आणि रामकांटी ही नावे यादीत वेगवेगळी येतात. रामकांटी म्हणजे आजची रामकाठी बाभूळ, असे मानायला जागा आहे. साध्या बाभळीच्या फांद्या पसरतात. रामकाठीच्या फांद्या खराट्यासारख्या सरळ वर जातात. वनस्पतिशास्त्र या दोघींना एकाच जातीत घालते आणि रामकाठीला फार तर उपप्रकार म्हणते. शेतकरी मात्र दोघींत कधी गल्लत करत नाही, कारण एकीची सावली पिकावर पडते आणि दुसरीची फारशी पडत नाही. लोकांची नावे नेहमी ढोबळ असतात, हा आपला समज येथे खोटा ठरतो.

तिसरी गोष्ट अशी की, केवळ पूजेची, औषधाची किंवा शोभेची झाडे निवडलेली नाहीत. कुंपणावरच्या, माळावरच्या, कोणी न लावलेल्या झुडपांनाही यादीत जागा आहे. आपल्या शाळांच्या पाट्यांवर आजही ती सहसा नसते.

उणी बाजू

यादीत झाडांचे वर्णन नाही. फूल कसे, पान कसे, झाड कोठे उगवते, कशासाठी वापरतात, यांपैकी काहीही नाही. कोणते नाव कोणाशेजारी बसेल हे बऱ्याचदा नादाने आणि यमकाने ठरते. त्यामुळे अनोळखी नावाचा अर्थ शेजारच्या नावावरून लावावा, तर तोही भरवशाचा नाही.

याचा एक गंभीर परिणाम होतो. नुसत्या नावात एका अक्षराचा फरक पडला तरी झाड बदलते. तरटी, तरवड, तरोटा ही तीन नावे पाहा. तरटी हे काटेरी झुडूप. तरवड पिवळ्या फुलांचा, त्याची साल कातडी कमावायला वापरत. तरोटा म्हणजे टाकळा, पावसाळ्यात रस्त्याकडेला माजणारे तण. कोवळेपणी त्याची भाजी करतात. नक्कल करणाऱ्याची लेखणी घसरली, तर वाचकाला चूक पकडण्याचे साधन उरत नाही. वर्णनाचे एक वाक्य जरी असते, तरी ते नावावर पहारा देत राहिले असते.

शिवाय नावे जागची हलतात. घाणेरी म्हटले की आज आपण रंगीबेरंगी गुच्छांचे, उग्र वासाचे झुडूप दाखवतो. ते मूळचे अमेरिकेतले. भारतात आले एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. त्याआधीच्या कोणत्याही मराठी लिखाणात ‘घाणेरी’ भेटली, तर ती ही नव्हे, हे निश्चित. पिवळा धोत्राही अमेरिकेतून आलेला. धोत्र्याच्या कुळाशी त्याचा संबंध नाही. तो खसखशीच्या कुळातला. त्याचे बी मोहरीसारखे दिसते. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात त्याच्या तेलाची भेसळ होऊन लोक दगावले. आणि ‘अशोक’ म्हणून कितीतरी शाळांच्या आवारात उभे असलेले ते उंच, सरळ, लोंबत्या पानांचे झाड म्हणजे आसुपालव. खरा अशोक, म्हणजे सीताअशोक, वेगळा; त्याची केशरी-लाल फुले एकदा पाहिली की पुन्हा गल्लत होत नाही.

म्हणून जुन्या यादीतले नाव घ्यावे, आजच्या शब्दकोशात पाहावे आणि शास्त्रीय नाव त्यापुढे लिहावे, ही रीत धोक्याची आहे. वनमहोत्सवाच्या भाषणांत नेमके हेच होते.

त्याच काळातले दुसरे पुस्तक

तुलनेसाठी समर्थांच्याच हयातीत सुरू झालेले एक काम पाहू. कोचीन येथील डच गव्हर्नर हेंड्रिक व्हॅन ऱ्हीड याने मलबारातील वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्याचे 12 खंड 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅममध्ये छापले गेले. हे काम एकट्या डच माणसाचे नव्हते. इट्टी अच्युतन हे मलबारी वैद्य आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्य यांनी झाडे ओळखून दिली, त्यांचे उपयोग सांगितले. या तिघांचे नागरी लिपीतले निवेदन पहिल्या खंडात छापलेले आहे.

येथेही आधार होता तो झाडांजवळ राहणाऱ्या माणसांचाच. फरक पडला तो पुढच्या पायरीवर. सांगितलेल्या नावाबरोबर झाडाचे चित्र काढले गेले, फूल-फळ-मूळ यांचे वर्णन लिहिले गेले, स्थानिक नाव वेगवेगळ्या लिप्यांत नोंदवले गेले. लिनियसने 1753 साली वनस्पतींना दोन शब्दांची नावे दिली तेव्हा त्याने या चित्रांचा आधार घेतला. आपल्या काळात के. एस. मणिलाल यांनी अनेक वर्षे खपून त्यातल्या वनस्पती पुन्हा केरळात शोधल्या. त्यांचे इंग्रजी भाषांतर केरळ विद्यापीठाने 2003 साली प्रसिद्ध केले. सव्वातीनशे वर्षांनंतर हे करता आले, कारण नावाजवळ चित्र होते.

ही तुलना समर्थांवर अन्याय करते काय? ऱ्हीडच्या हाताशी डच कंपनीचा पैसा, चित्रकार आणि छापखाने होते. रामदासांनी ओव्या रचल्या; ओव्या पाठ करायच्या असतात, पाठांतराला यादीच सोयीची. ऐकणाऱ्याला झाडे माहीतच होती, त्याला वर्णनाची गरज नव्हती. दोष रचनेचा असलाच तर थोडा आहे. ती यादी ऐकणारे आणि ती झाडे ओळखणारे लोक यांची साखळी तुटत गेली, हे अधिक महत्त्वाचे. ‘बाग प्रकरण’ वनस्पतिशास्त्रीय ग्रंथ नाही. ती उत्तम प्रश्नपत्रिका आहे, आणि तिची उत्तरे काही प्रमाणात अजून गावांत शिल्लक आहेत.

शेजाऱ्याला कसे विचारावे

ही उत्तरे मिळवायची तर बाग करणाऱ्यांकडे जावे लागेल. पण तेथेही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. बाग करणाऱ्यांत रोपांची आणि फांद्यांची देवघेव चालते, आणि फांदीबरोबर नावही जाते. ब्राह्मीचे पाहा. गोल, मूत्रपिंडाच्या आकाराच्या पानांच्या वेलीला आपल्याकडे पुष्कळ जण ब्राह्मी म्हणतात, ती मंडूकपर्णी. छोट्या मांसल पानांची, पाणथळ जागी वाढणारी वनस्पती ही दुसरी ब्राह्मी. एका घरातून मंडूकपर्णीचा तुकडा ‘ब्राह्मी’ म्हणून गल्लीतल्या पाच घरांत गेला, तर पाचही जणी एकच नाव सांगतील. साक्षीदार पाच, पण साक्ष एकच. प्रयोगशाळेत आम्ही एकच मोजमाप पाच वेळा उतरवून त्याला पाच प्रयोग म्हणत नाही; येथेही म्हणू नये.

म्हणून काही पथ्ये पाळावीत. प्रत्येकाला वेगवेगळे विचारावे. ‘हा आपटा ना?’ असे विचारू नये. समोरचा भिडेखातर हो म्हणतो. ‘याला काय म्हणता?’ असे विचारावे. रोप कोठून आणले, ते विचारावे. या झाडाचे काय करता आणि याच्यासारखे दुसरे कोणते दिसते, हेही विचारावे. शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा, कारण फसवणारे झाड कोणते हे अनुभवी माणसालाच ठाऊक असते. आजींनी आम्हाला उतरणीचे नाव सांगितलेच. शिवाय दोन वेलींतला फरक तपासण्याची कृतीही सांगितली. पान मोडून पाहणे हा प्रयोगच आहे.

फोनवर झाडाचे नाव सांगणारी साधने आता मुलांच्याही हाती आली आहेत. त्यांना आणखी एक शेजारी समजावे. ती चटकन उत्तर देतात, पण पान मोडून पाहत नाहीत. छायाचित्रावरून आम्ही चुकलो, तशी तीही चुकू शकतात.

यानंतर पुस्तकाकडे वळावे. मराठवाड्यासाठी वि. ना. नाईक यांचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ हा दोन खंडांचा इंग्रजी ग्रंथ 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. तो जवळच्या महाविद्यालयात पाहता येईल. फूल आणि फळ असलेली फांदी जवळ असेल तरच त्याचा पुरता उपयोग होतो.

वर्गात करून पाहा

‘बाग प्रकरणा’तली दहा नावे निवडा. मुलांचे गट करा. प्रत्येक गटाने एकेक नाव घेऊन गावातल्या तीन माणसांना वेगवेगळे विचारावे. झाड दाखवले, तर फुला-फळासह छोटी फांदी आणावी, जुन्या वर्तमानपत्रात पसरून वर वजन ठेवावे आणि कागद रोज बदलावा. सोबत चिठ्ठी ठेवावी : कोठे, केव्हा, कोणी काय नाव सांगितले, फुलाचा रंग, चीक येतो की नाही. चीक त्वचेला, डोळ्यांना लागू देऊ नये. अनोळखी काही तोंडात घालू नये. फूल नसेल तर त्या झाडाकडे पुन्हा जावे. एका झाडाच्या ओळखीला कधीकधी पूर्ण वर्ष लागते.

दसऱ्याच्या सुमारास आपट्यापासून सुरुवात करणे सोपे. बाजारात ‘सोने’ म्हणून पुष्कळदा कांचनाची पाने येतात. आपट्याचे पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंद, कांचनाचे मोठे. निर्णय मात्र पानावर सोडू नये. उन्हाळ्यात पुन्हा पाहावे : आपट्याला लहान फिकट फुले येतात, कांचनाची मोठी गुलाबी-जांभळी फुले आदल्या हिवाळ्यातच दिसून गेलेली असतात.

मतभेद झाले तर बहुमताने निर्णय घेऊ नका. तीन नावे मिळाली तर तिन्ही लिहा आणि पुढे प्रश्नचिन्ह ठेवा. हे प्रश्नचिन्ह पुसण्याची घाई आम्ही केली होती. त्याची किंमत एखाद्या घराला मोजावी लागली असती.

जांबहून निघताना आम्ही एक फांदी कागदात दाबून आणली. यादीतल्या एका नावासाठी दोघांनी तीच दाखवली होती, तिसऱ्याने मात्र मान हलवली होती. फूल नव्हते. चिठ्ठीवर तारीख, बांधाची जागा आणि दोन्ही मते लिहिली आहेत. त्या शिक्षकांची मुले आता त्या झुडपावर लक्ष ठेवून आहेत. फूल आले की ती आम्हाला कळवतील. आणि आधी, अर्थातच, शेजारच्या आजींना दाखवतील.